पंप उतरवण्याआधी टाकी पाहणारे दुकान

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल यांच्या दुरुस्तीच्या एका दुकानात मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा जुना ट्रक दोन दिवस ठेवला होता. त्या दोन दिवसांत मी जे पाहिले आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत त्या कामाचा जो अनुभव आला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तसे सांगितले. त्यांच्याकडे टेस्ट बेंच (उतरवलेला पंप चालवून त्याचे माप घेण्याचे यंत्र) एक आहे, माणसे तीन आहेत आणि आहे ते काम वेळेत उरकत नाही अशी त्यांची स्थिती आहे. नाव न देता दुकानाचे परीक्षण लिहिणे विचित्र वाटेल, परंतु जुन्या डिझेल इंजिनाचा दोष शोधण्याची त्यांची रीत नावापेक्षा अधिक उपयोगाची आहे, आणि ती समजली तर कोणत्याही गावातील दुकान तिच्या मापाने तपासून घेता येईल.

गाडी टाटाची १६१३, मॉडेल २००३ चे. या क्रमांकातील पहिले दोन अंक एकूण वजनाचे टन सांगतात आणि पुढचे दोन अंक दहाच्या पटीत अश्वशक्ती सांगतात, हे चालकांना ठाऊक असतेच. इंजिन ६९७ मालिकेतील, सहा सिलिंडरचे, टर्बो असलेले. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार केला आणि तो १९६९ मध्ये संपला. त्या करारातून जी इंजिनांची परंपरा इथे रुजली, तिच्यातलेच हे इंजिन आहे. त्यावरचा पंप मायकोचा, म्हणजे सहा सिलिंडरसाठी सहा एलिमेंट (डिझेलला दाब देणाऱ्या दट्ट्या-नळीच्या जोड्या) एका ओळीत बसवलेला जुन्या घडणीचा पंप. मायको या कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी आमच्याकडे या पंपाला आजही कोणी बॉशचा पंप म्हणत नाही. पंपावर एकही सेन्सर नाही आणि संगणकाला जोडायची सोय नाही. दोष सांगणारा दिवा नसल्यामुळे धूर, आवाज, वास आणि चालकाचे कान एवढ्यावरच निदान अवलंबून राहते.

रत्नागिरी जिल्ह्यातून चिरा (जांभा दगड) भरायचा आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापुरात उतरवायचा, हे या गाडीचे नेहमीचे काम. त्या पावसाळ्याआधीच्या दिवाळीनंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू व्हायला वेळ घेऊ लागली. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायची मूठ) पंधरा-वीस वेळा मारल्याशिवाय इंजिन पकडत नसे. दुसरी तक्रार घाटातली. साखरप्याहून भरलेली गाडी वर चढू लागली की जिथे तिसऱ्या गिअरवर निभावत असे, तिथे दुसरा टाकावा लागे, आणि मध्येच क्षणभर ताकद जाऊन पुन्हा येई. धूर फारसा नव्हता. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा होता, पण त्या वेळी तो कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही, मलाही नाही.

मी आधी गाडी महामार्गालगतच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे तक्रार ऐकून घेतल्यावर अर्ध्या तासात पंप इंजिनावरून उतरवला गेला. सहा एलिमेंट, सहा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (एलिमेंटपुढच्या एकमार्गी झडपा) आणि सहा नोझल नवे बसले, ४१,००० रुपयांचे बिल झाले आणि चौथ्या दिवशी गाडी परत मिळाली. सकाळचा त्रास जसाच्या तसा राहिला. घाटात गाडी पूर्वीपेक्षा थोडी बरी ओढू लागली, पण आता तिच्यामागे काळ्या धुराचा लोट असे, पाण्याचा काटा वर सरके आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी हळू चालताना, इंजिन एका सिलिंडरवर मिस मारू लागले, तो सिलिंडर नीट पेटेना. अॅव्हरेज लिटरला ४.२ किलोमीटरवरून ३.४ वर आले. पीयूसी केंद्रावर धुराचे माप ७१ हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचे एकक) निघाले. बीएस-४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ ची आहे. म्हणजे दोन तक्रारी घेऊन गेलेली गाडी चार तक्रारी घेऊन बाहेर पडली होती.

उद्यमनगरातल्या दुकानात मी ही सगळी हकीकत मिस्त्रींना सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि आमच्या ड्रायव्हरला पुढे बोलावले. पुढची पंधरा मिनिटे ते त्यांच्याशीच बोलत होते. धूर गाडी गार असताना येतो की गरम झाल्यावर? रिकाम्या गाडीला येतो का? ताकद जाते ती हळूहळू की झटक्यात? टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो का? इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढल्यासारखी दिसते का? या शेवटच्या प्रश्नाचे कारण मी नंतर विचारले. ओळीतल्या पंपाचे खालचे अंग इंजिनाच्या ऑइलवर चालते, त्यामुळे एलिमेंट झिजले तर डिझेल तिथून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसणे आणि ऑइलला डिझेलचा वास येणे ही त्याची खूण आहे. आमच्या गाडीत तसे काही नव्हते.

धुराच्या रंगाविषयी ते जे बोलले, ते बहुतेक मिस्त्री जाणतात, पण त्याचा उपयोग करणारे कमी दिसतात. काळा धूर म्हणजे डिझेल हवेच्या मानाने जास्त होत आहे, मग दोष डिझेलच्या बाजूचा असेल किंवा हवेच्या बाजूचा. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी नळ फुटला असेल, तरी धूर काळाच येतो आणि पंप निष्कारण बदनाम होतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडत आहे, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे गेले आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे. निळसर धूर इंजिन ऑइलचा, आणि त्याच्याशी पंपाचा काही संबंध नाही. त्यांनी त्याच क्रमाने आधी एअर फिल्टर काढून पाहिला, टर्बोचे नळ हाताने चाचपले, क्लिप आवळून पाहिल्या. हवेची बाजू निर्दोष निघाली. या कामाला वीस मिनिटे लागली.

पंप कधी उतरवणार, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मालक, पंप कुठं पळून जात न्हाई. आदी टाकी बघू." आणि त्यानंतर जे सांगितले ते मला त्या दिवशी आवडले नव्हते: गाडी रात्री इथेच ठेवा, कारण तक्रार सकाळची आहे आणि गरम इंजिनावर सकाळची तक्रार शोधता येत नाही. माझी एक खेप बुडाली. पण आता विचार केला तर असे वाटते की गाडी गार करून तपासण्याचा आग्रह हीच या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. आधीच्या वर्कशॉपमध्ये चार दिवसांत एकदाही कोणी सकाळी गार इंजिन चालू करून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते आले. इंजिन चालू करण्याआधी त्यांनी फीड पंपाला येणारा नळ सोडवून मध्ये हातभर लांबीचा पारदर्शक प्लास्टिकचा नळ जोडला आणि मग सेल मारायला सांगितले. इंजिनाने पकडायला नेहमीसारखाच वेळ घेतला आणि त्या पारदर्शक नळातून डिझेलबरोबर हवेचे बारीक बुडबुडे धावताना आम्हा सर्वांना दिसले. त्यानंतर त्यांनी टाकीकडून येणारी लाइन पूर्णपणे बाजूला काढली आणि पाच लिटरच्या एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भरून नव्या नळाने ते थेट फीड पंपाला दिले. बुडबुडे थांबले. म्हणजे फीड पंप स्वतः हवा घेत नव्हता. हवा टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या मार्गात कुठेतरी शिरत होती. एवढ्या साध्या, जवळजवळ फुकटच्या चाचणीने दोषाची जागा साडेतीन मीटरच्या नळात कोंडली गेली.

हा दोष नेहमी का फसवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असते, म्हणून तिथे सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर गळते आणि डोळ्यांना दिसते. फीड पंपाच्या मागे मात्र डिझेल ओढले जात असते. तिथे भेग पडली तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही पडत नाही, आत हवा शिरते. गाडी रात्री उभी राहिली की त्याच भेगेतून हवा येऊन नळातले डिझेल टाकीत परत उतरते आणि सकाळी फीड पंपाला रिकामा नळ भरण्यापासून सुरुवात करावी लागते. घाटात इंजिनाला डिझेल जास्त लागते, ओढ वाढते, तशी हवाही जास्त येते, आणि एलिमेंटच्या पोटात डिझेलऐवजी हवेचा बुडबुडा आला की तो नुसता दबतो आणि फुगतो, नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. आमच्या गाडीचे क्षणभर ताकद जाऊन परत येणे त्यामुळे होते. डिझेलच कमी मिळत असल्याने सुरुवातीला धूर नव्हता, हेही आता जुळले.

भेग सापडली ती चेसिसवरचा लोखंडी पाइप आणि फीड पंप यांना जोडणाऱ्या रबरी नळात, आणि तीही नेमकी क्लिपच्या खाली. क्लिप काढेपर्यंत नळ वरून नवाकोरा दिसत होता. त्यांनी तो तुकडा कापून मला हातात दिला, वाकवून दाखवला, आणि माझ्या ४१,००० रुपयांच्या बिलाचे मूळ कारण बोटभर लांबीचे होते हे माझ्या लक्षात आले. नवा नळ आणि दोन क्लिपा यांचे त्यांनी ४२० रुपये लावले. टाकीतली जाळी आणि झाकणाचे हवेचे छिद्रही त्यांनी त्याच वेळी पाहिले. झाकणाचे छिद्र बुजले तर टाकीत पोकळी तयार होऊन गाडी तासाभराने ताकद सोडते आणि झाकण उघडल्यावर सुस्स असा आवाज येऊन बरी होते. आमच्या ड्रायव्हरनी असा आवाज कधी ऐकला नव्हता, तरी त्यांनी छिद्र तारेने साफ केलेच.

मूळ दोष इथे संपला होता. उरलेले दोन, म्हणजे मिस आणि काळा धूर, हे आधीच्या दुरुस्तीतून आले असणार असा त्यांचा तर्क होता आणि तो खरा निघाला.

मिस मारणारा सिलिंडर शोधण्याची रीत जुनी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवायचे आणि नोझलकडे जाणाऱ्या हाय प्रेशर पाइपचे नट पाना लावून एकेक करून थोडे सैल करायचे. सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात फरक पडला नाही तर तो आधीपासूनच काम करत नव्हता. चौथ्या सिलिंडरला फरक जवळजवळ पडला नाही. बहुतेक ठिकाणी इथेच चौथा नोझल नवा घाला असे सांगितले जाते. यांनी चौथ्याचा नोझल दुसऱ्या सिलिंडरमध्ये आणि दुसऱ्याचा चौथ्यात घालायचे ठरवले, म्हणजे दोष नोझलबरोबर जातो की सिलिंडरपाशी राहतो हे कळेल. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल वाईट. तिथेच राहिला तर पंपाचे चौथे एलिमेंट, त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, पाइप, कॉम्प्रेशन किंवा नोझलची बैठक यांपैकी काहीतरी.

उतरवलेले दोन्ही नोझल त्यांनी आधी हाताच्या नोझल टेस्टरवर लावले. हे यंत्र साधे आहे, एक दांडा, एक डिझेलचे भांडे आणि एक दाबमापक. पण ते वापरणाऱ्याचे कान आणि डोळे तयार असावे लागतात. या प्रकारच्या इंजिनांत नोझल २०० बार किंवा त्याहून वरच्या दाबाला उघडतो. उघडताना त्याने बारीक करकर आवाज करायला हवा, फवारा सर्व छिद्रांतून सारखा आणि धुक्यासारखा पडायला हवा, आणि उघडण्याच्या दाबाच्या सुमारे २० बार खाली दाब धरून ठेवला असता दहा सेकंद टोकाला थेंब जमायला नको. दोन्ही नोझल या तिन्ही कसोट्यांना उतरले. मग त्यांनी चौथ्याच्या भोकात टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितले. तळाशी जुना, जळून काळा झालेला तांब्याचा वॉशर चिकटून बसला होता. आधीच्या दुरुस्तीत तो न काढताच त्याच्यावर दुसरा वॉशर टाकून नवा नोझल आवळला होता. त्यामुळे नोझलचे टोक वॉशरच्या जाडीइतके वर राहिले, फवारा पिस्टनच्या खोलगट भागात जिथे पडायला हवा तिथे न पडता कडेला लागू लागला, आणि कडक झालेल्या जुन्या वॉशरच्या बाजूने वायूही निसटू लागला. वॉशर आकड्याने ओढून काढला, सहाही बैठका साफ केल्या आणि सहा नवे वॉशर घातले. त्याचे ६० रुपये. दोन्ही नोझल आपापल्या जागी गेले आणि मिस बंद झाला.

एक सूचना इथे करणे मला भाग आहे. पाइप सैल करण्याची ही चाचणी पाहणाऱ्याला इतकी सोपी वाटते की घरी करून पाहण्याचा मोह होईल. सैल सांध्यातून किंवा टेस्टरवरच्या नोझलमधून निघणारी डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतले मांस मात्र खराब होत जाते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच वेळी रुग्णालयात जायला हवे. या दुकानातला टेस्टरवर बसणारा तरुण डोळ्यांना चष्मा लावत नव्हता आणि हातमोजेही घालत नव्हता. मी तसे बोललो, तेव्हा तो हसला. दुकानाबद्दलची माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे.

आता काळा धूर. यासाठी मात्र पंप उतरवावा लागला, आणि तो का उतरवतो आहोत हे त्यांनी आधी दाखवले. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या बाजूला पूर्ण भाराचे डिझेल ठरवणारा जो स्क्रू असतो, त्यावर तार ओवून शिशाचे सील लावलेले असते. आमच्या पंपावर ते सील नव्हते आणि स्क्रूच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते. घाटात गाडी ओढत नाही या तक्रारीवर कोणीतरी डिझेल वाढवून दिले होते. हवा शिरत असतानाही त्यामुळे गाडी थोडी बरी ओढत होती, आणि जास्तीचे न जळलेले डिझेल धूर होऊन बाहेर पडत होते, इंजिन तापवत होते आणि अॅव्हरेज खात होते.

बेंचवरचे काम मी जवळजवळ दोन तास उभा राहून पाहिले. बेंचवर डिझेल वापरत नाहीत, त्यासाठी ठरावीक दर्जाचे कॅलिब्रेशन ऑइल असते आणि ते ४० अंशांच्या आसपास गरम झाल्याशिवाय मिस्त्रींनी माप घ्यायला सुरुवात केली नाही. ऑइल गार असेल तर ते घट्ट असते आणि माप खोटे येते. सहा नोझलमधून पडणारे तेल समोरच्या सहा काचेच्या नळ्यांत जमते आणि ठरावीक वेगाला ठरावीक स्ट्रोकनंतर प्रत्येक नळीत किती तेल आले ते वाचायचे. पंपावरच्या पत्र्याच्या पट्टीवर जो क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून त्या पंपाचा तक्ता काढतात आणि त्यातले आकडे गाठतात. नवे एलिमेंट बसवूनही सहा नळ्यांत तेल सारखे नव्हते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत सुमारे ११ टक्क्यांचा फरक होता. एलिमेंटमधला प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि ते जोडीनेच घासून तयार केलेले असतात, म्हणून नवा माल चांगलाच असतो. पण तो बसवल्यावर प्रत्येक सिलिंडरचे माप बेंचवर जुळवले नाही तर त्या नवेपणाचा उपयोग होत नाही. ते त्यांनी ३ टक्क्यांच्या आत आणले, पूर्ण भाराचे डिझेल तक्त्याप्रमाणे कमी केले, गव्हर्नर कोणत्या वेगाला डिझेल तोडतो ते पाहिले आणि स्वतःचे सील लावले. पंप परत इंजिनावर चढवताना टायमिंग त्यांनी कपलिंगच्या जुन्या खुणेवर विसंबून न ठेवता पहिल्या एलिमेंटच्या तोंडाशी वाकडी नळी लावून, फ्लायव्हील हळूहळू फिरवत थेंब कुठे थांबतो ते पाहून जुळवले.

एकूण बिल ९,८३० रुपये झाले. तपासणीचे १,५००, बेंचचे ५,२००, पंप उतरवणे, चढवणे आणि टायमिंग मिळून २,०००, ओव्हरफ्लो व्हॉल्व्हचे (पंपातले जास्तीचे डिझेल परत सोडणारी झडप) ६५०, आणि उरलेले नळ व वॉशर यांचे. तपासणीचे पैसे वेगळे लावणे काही जणांना खटकते, मला ते उलट योग्य वाटले. दोष शोधण्याचे पैसे मिळत नसतील तर मिस्त्री सुटे भाग विकूनच पोट भरणार, आणि मग बोटभर नळासाठी सहा एलिमेंट बदलले जाणार.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्हबद्दल मात्र मी नाराज आहे. फिल्टरपुढे दाबमापक लावल्यावर पंपाच्या गॅलरीतला (एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीतला) दाब टिकत नाही असे दिसले, म्हणजे व्हॉल्व्ह बदलण्याची गरज होती. पण तो मला न विचारता बदलला गेला आणि बिलात पाहिल्यावर मला कळले. जुना व्हॉल्व्ह मागितला तेव्हा तो भंगाराच्या डब्यातून शोधून द्यावा लागला. अंदाजपत्रक लेखी देत नाहीत. बेंचवरचे आकडे शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहिले जातात आणि गिऱ्हाइकाला त्याची प्रत मिळत नाही. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. शिवाय पहिल्या आठवड्यात आयडलिंगला इंजिन वरखाली होत असे, त्यासाठी गाडी पुन्हा न्यावी लागली. गव्हर्नरचा आयडलिंगचा स्प्रिंग त्यांनी अर्ध्या तासात पुन्हा जुळवला आणि पैसे घेतले नाहीत, तरी हे काम पहिल्याच वेळी व्हायला हवे होते.

आजच्या डिझेलबद्दल तिथे चर्चा झाली, तिचा उल्लेख करतो, कारण जुन्या गाड्यांचे मालक हा प्रश्न नेहमी विचारतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे बीएस-६ डिझेल मिळते, त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भाग इतकेच असते. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलची वंगणशक्ती कमी होते, आणि ओळीतल्या पंपाचे एलिमेंट डिझेलवरच वंगण घेतात, म्हणून अनेक चालक टाकीत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) ओततात. मिस्त्रींचे मत त्याविरुद्ध आहे. वंगणशक्ती किती असावी याचीही मर्यादा डिझेलच्या मानकात आहे आणि त्यासाठी रिफायनरीतच रसायन मिसळतात. पंप मारतात ते पाणी आणि रॉकेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडे गंजलेल्या एलिमेंटचा एक डबाच आहे आणि तो पाहिल्यावर फिल्टरखालचे पाणी दर आठवड्याला सोडायला मी ड्रायव्हरना सांगितले.

कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली डिझेल फवारणाऱ्या, गाड्या हे दुकान घेत नाही. बीएस-४ नंतरच्या ट्रकचे इंजेक्टर तपासायला वेगळा बेंच आणि वेगळी स्वच्छता लागते, ती आपल्याकडे नाही असे सांगून ते गाडी दुसरीकडे पाठवतात. माझ्या समोर त्यांनी असे एक काम परत पाठवले.

काम झाल्यानंतरच्या महिन्यात पीयूसीचे माप ३६ आले. अॅव्हरेज ४.३ वर स्थिरावले. चिरा भरलेली गाडी आंबा घाट पूर्वीसारखी तिसऱ्यावर चढते आणि पाण्याचा काटा जागचा हलत नाही. सकाळी पहिल्या सेलला इंजिन पकडते. हँड प्रायमरला आठ महिन्यांत हात लावावा लागलेला नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर निदानाला पाच, बेंचच्या कामाला साडेचार, हिशेब आणि लेखी नोंदींना दोन देईन. सुरक्षिततेला गुण देण्यासारखे तिथे काही नाही.

उद्यमनगरात असे दुकान शोधायला जाणार असाल, तर गाडी संध्याकाळी पोहोचेल असे बघा आणि सकाळपर्यंत ठेवण्याची तयारी ठेवा. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली असावी. आधीच्या दुरुस्तीची बिले आणि बदललेले जुने भाग असतील तर तेही न्यावेत. आणि इंजिन धुऊन नेऊ नका. डिझेलचे ओले डाग आणि त्यांवर बसलेली धूळ यांवरून गळतीचा माग काढता येतो, आणि आम्ही गाडी चकाचक धुऊन नेल्याबद्दल मिस्त्रींनी पहिली पाच मिनिटे आमच्या ड्रायव्हरना बोल लावले होते.